अनोळखी जुना पाना ओळखायचा कसा? आधी तोंड बघा, ठसा नंतर

जुन्या अवजारांची पेटी वाट्याला आली की पक्कड, हातोडी, पटाशी लगेच ओळखता येतात. तळाशी मात्र एखादा असा पाना निघतो की कितीही उलटसुलट करून पाहिला तरी तो कशाला लागत असेल ते सुचत नाही. माझ्या पेटीत असे सात निघाले. त्यांतल्या एकावर '३/८' असा ठसा होता. ३/८ इंच म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. तोंड मोजलं तर १८ मिलिमीटर भरलं. ठसा चुकला असणार असं मी ठरवलं आणि तो पाना मेट्रिक पान्यांत टाकून दिला. त्याच्याच जोडीतला '१/४' ठशाचा पाना १३ च्या नटाला लागतोय असं वाटलं, म्हणून जोर लावला. पाना घसरला, नटाच्या कडा गोल झाल्या आणि बोटांची साल निघाली ती वेगळीच.

ठसा बरोबर होता, तो वाचायची माझी रीत चुकली होती. तुमची बोटं वाचावीत म्हणून तेव्हा कुणी सांगायला हवं होतं ते सगळं इथे क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: पाना कुठल्या तरी नटासाठी बनलेला असतो. नट हरवला असला तरी त्याचा आकार पान्याच्या तोंडात शिल्लक असतो. ओळख तोंडापासून सुरू होते. दांड्यावरचं नाव, नक्षी, आकडे हे सगळं नंतर.

जवळ काय असावं

- व्हर्नियर कॅलिपर (साधा चालेल, पण दशांश मिलिमीटर दाखवणारा हवा, फूटपट्टीने हे काम होत नाही)
- चुंबक
- भिंग आणि टॉर्च
- पातळ कागद, मऊ पेन्सिल, खडू
- रॉकेल, जुना टूथब्रश, सुती फडकं
- कोनमापक
- हाताशी असतील तेवढे वेगवेगळे नट-बोल्ट

१. आधी घासू नका

गंजलेली वस्तू हातात आली की पहिला मोह तारेच्या ब्रशचा होतो. तो आवरा. जुने ठसे मुळातच उथळ असतात आणि कधी कधी ते नुसत्या गंजातल्या रंगाच्या फरकामुळेच दिसत असतात. ग्राइंडरवरच्या तारेच्या चाकाने एका पान्यावरची अर्धी अक्षरं मी स्वतःच्या हाताने उडवली आहेत. उरलेल्या अर्ध्यांवरून आजवर काही कळलेलं नाही.

रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा. एवढंच. व्हिनेगरमध्ये दिवसभर बुडवून ठेवायचा सल्लाही बरेच जण देतात, पण आम्ल गंजासोबत अक्षरांच्या कडाही खातं. जुना लाल किंवा पिवळा रंग असेल तर कोरडा घासून धूळ उडवू नका. तसल्या रंगांत शिसं असायचं.

पुसून झालं की अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून पाना बघा. समोरून उजेड पडला की अक्षरं दिसत नाहीत, बाजूने पडला की सावली धरून वर येतात. तरी वाचता आलं नाही तर ठशावर खडू चोळून वरचा पुसून टाका, किंवा कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा.

२. चुंबक लावा, मग घडण बघा

चुंबक चिकटला नाही तर कोडं निम्मं सुटलं. पितळी-तांबूस दिसणारा, चुंबकाला दाद न देणारा पाना बहुधा ठिणगी पडू नये म्हणून बनवलेला असतो. पेट्रोल, गॅस, दारूगोळा, रसायनांची पिंपं असतील तिथे असे पाने वापरतात. यांतले काही ॲल्युमिनियम ब्रॉन्झचे असतात, काही बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचे. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते. म्हणून असला पाना ग्राइंडरला लावायचा नाही, पॉलिश पेपरनेसुद्धा घासायचा नाही.

चुंबक चिकटला तर पाना ओतीव आहे की घडीव ते बघा. ओतीव पान्याचा पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत असतो, कडेने बारीक शिवण दिसते आणि अक्षरं बहुतेक वर उठलेली असतात, कारण ती साच्यातच असतात. घडीव पान्यावर साच्याबाहेर आलेला पदार्थ कापून काढल्याची रुंद पट्टी कडेला दिसते. दोरीला टांगून हलकेच ठोका: घडीव पोलाद घंटीसारखं वाजतं, बीड ठक्क करून गप्प होतं.

ओतीव, वर उठलेल्या आकड्यांचा, सपाट पाना बहुतेक वेळा एखाद्या यंत्रासोबत फुकट मिळालेला असतो: नांगर, पेरणीयंत्र, कापणीयंत्र, पंप. तो त्या यंत्राच्या दोन-तीन नटांपुरताच बनवलेला असतो, म्हणून त्याची मापं कुठल्याच संचात बसत नाहीत.

३. तोंडाचा आकार नीट बघा

कोपरे मोजा. डोळ्यांनी नव्हे, बोट फिरवून मोजा. माझ्याकडच्या एका पान्याच्या टोकाला बंद भोक होतं. ते झिजलेलं षट्कोनी भोक असेल असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. एकदा सहज बोट फिरवलं तर कोपरे पाचच भरले.

पाच कोपऱ्यांमागे कारण आहे. चौकोनी आणि षट्कोनी नटाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, म्हणून कुठलाही साधा पाना त्यांना धरतो. पंचकोनाला समांतर बाजूच नसतात, त्यामुळे उघड्या तोंडाचा पाना त्यावर घसरतो. रस्त्यावरच्या अग्निशमन नळाचा नट म्हणूनच बऱ्याच ठिकाणी पंचकोनी ठेवतात, की येणाऱ्या-जाणाऱ्याने उघडू नये. माझा पाना त्याच जातीचा निघाला. दुसऱ्या टोकाला असलेला हूक पाण्याच्या पाइपाची जोडणी फिरवायला होता.

बाकीचे आकार थोडक्यात:

चौकोनी तोंड असेल तर पाना जुन्या यंत्राचा, लाकूडकामाच्या बोल्टांचा किंवा व्हॉल्व्हचा असू शकतो. चौकोनी भोक अगदी लहान, पाचेक मिलिमीटरचं, असेल तर ती रेडिएटरमधली हवा काढायची किंवा ड्रमचं कातडं ताणायची चावी असू शकते. चंद्रकोरीसारखा वाकलेला आणि टोकाला दात असलेला पाना खाचा पाडलेल्या गोल नटासाठी असतो. दोन खुंट्या असलेला पाना ज्या चकतीला दोन भोकं असतात तिच्यासाठी. ग्राइंडरची चकती काढायचा पाना हा त्याचा आजचा भाऊ. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा, पत्र्यातून कापल्यासारखा पाना दिसला तर सायकलच्या चाकाचा कोन-नट (आसावरचा शंकूसारखा नट) आठवा. आणि डंबेलसारख्या दोन्ही गोळ्यांना चोहोबाजूंनी षट्कोनी भोकं असतील तर तोही सायकलचाच.

४. तोंड मोजा, आणि ठशावर लगेच विश्वास ठेवू नका

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मोजताना कॅलिपर तोंडाच्या टोकाला लावू नका. टोकं फाकलेली असतात. आत, घशाजवळ मोजा. बंद भोक असेल तर सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंतचं अंतर घ्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर षट्कोनात माप सुमारे साडेपंधरा टक्के जास्त येतं आणि चौकोनात एकेचाळीस टक्के. तीन ठिकाणी मोजा, सगळ्यात लहान माप धरा. पान्याचं तोंड नटापेक्षा किंचित मोठं ठेवलेलं असतं, हेही लक्षात असू द्या.

आता ठसा. आजच्या मेट्रिक पान्यावर १३ लिहिलं असेल तर तोंड १३ मिलिमीटरचं असतं. जुन्या इंची पान्यांत असं असेलच असं नाही. काही पद्धतींत पान्यावर तोंडाचं माप लिहीत, काहींत बोल्टाच्या दांड्याचा व्यास. '३/८' हा एकच ठसा पाच वेगवेगळ्या तोंडांवर सापडू शकतो:

- तोंड ९.५ मिमी: ठसा तोंडाचंच माप सांगतो. ही नवी पद्धत, बहुतेक वेळा सोबत 'एएफ' ('अक्रॉस फ्लॅट्स', म्हणजे सपाट बाजूंमधलं अंतर) लिहिलेलं असतं.
- तोंड १४.३ मिमी: अमेरिकन मोटारींच्या बारीक आट्यांचा ३/८ बोल्ट, 'एसएई'.
- तोंड १५.२ मिमी: ब्रिटिश बारीक आट्यांचा ३/८ बोल्ट, 'बीएसएफ' किंवा नुसतं 'बीएस'.
- तोंड १७.५ मिमी: जुना अमेरिकन मानक बोल्ट, 'यूएसएस'.
- तोंड १८ मिमी: व्हिटवर्थ. ठशात 'डब्ल्यू' किंवा 'व्हिट' असतं, कधी कधी काहीच नसतं.

माझा पाना या शेवटच्या ओळीतला होता. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांची पहिली सर्वमान्य पद्धत मांडली. त्याच्या ३/८ बोल्टाच्या नटाची रुंदी ०.७१० इंच, म्हणजे १८.०३ मिलिमीटर. म्हणून तो १८ च्या मेट्रिक नटावर हुबेहूब बसला आणि मी फसलो. १/४ व्हिटवर्थची रुंदी मात्र ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. हा तीन दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटांना मात्र चांगलाच कळतो.

जुन्या अमेरिकन मानकाचं सूत्र पाठ करण्यासारखं आहे: बोल्टाच्या व्यासाची दीडपट, अधिक १/८ इंच. ३/८ ची दीडपट ९/१६, त्यात २/१६ मिळवले की ११/१६ इंच, म्हणजेच साडेसतरा मिलिमीटर. १/२ च्या पान्याला हेच लावून बघा: ७/८ इंच, २२.२ मिलिमीटर. तोंड २३.४ भरलं तर तो १/२ व्हिटवर्थ.

आणखी दोन खाचखळगे. एकाच तोंडावर '३/८ डब्ल्यू, ७/१६ बीएस' असे दोन ठसे दिसले तर पाना दोन मापांचा आहे असं समजू नका. व्हिटवर्थचा ३/८ आणि बारीक आट्यांचा ७/१६ यांचे नट एकाच रुंदीचे असतात, एवढाच त्याचा अर्थ. दुसरं म्हणजे, दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये व्हिटवर्थ बोल्टांची डोकी एका मापाने लहान केली. त्यामुळे त्यानंतरच्या ३/८ व्हिटवर्थ बोल्टाला ५/१६ ठशाचा पाना लागतो. पाना खरा, बोल्ट खरा, तरी दोघं एकमेकांना बसत नाहीत.

० ते १० मधला नुसता आकडा आणि सोबत 'बीए' (ब्रिटिश असोसिएशन) असेल तर तो विजेची उपकरणं, मीटर, घड्याळवजा यंत्रं यांतल्या बारीक स्क्रूंचा पाना. इथे आकडा वाढतो तसा स्क्रू लहान होतो; शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटरचा असतो.

५. कोन आणि दांडा काय सांगतो

उघड्या तोंडाचा पाना कागदावर ठेवून बाहेरची रेघ काढा आणि तोंड दांड्याशी किती अंशात वळलंय ते मोजा. पंधरा अंश आले तर पाना षट्कोनी नटासाठी. अडचणीच्या जागी दर खेपेला पाना पालथा घातला की तीस अंश फिरवायला मिळाले तरी काम चालतं. साडेबावीस अंश आले तर तो चौकोनी नटासाठी. हिशोब तोच, फक्त षट्कोनी नटाची बाजू दर साठ अंशांनी येते, चौकोनीची नव्वद अंशांनी. चौकोनी नट आता फारसे दिसत नाहीत, म्हणून साडेबावीस अंश ही वयाची चांगली खूण आहे. तोंड सरळ असेल तर आजूबाजूला मोकळी जागा असायची असं समजा.

दांड्याचं दुसरं टोक निमुळतं होत सुईसारखं झालं असेल तर तो लोखंडी सांगाडे उभारणाऱ्यांचा पाना. दोन पट्ट्यांची भोकं समोरासमोर आणायला ते टोक आत घालून उचकायचं, मग दुसऱ्या भोकात बोल्ट सारायचा. दांडा आखूड, जाडजूड आणि शेवटी ठोकळा असेल तर त्यावर घणाचे घाव घालायचे असतात. त्या ठोकळ्यावर चेपल्याच्या खुणा हमखास दिसतात. लांब उभा दांडा आणि वर आडवी मूठ, म्हणजे टी आकार, असेल तर नट खोल खड्ड्यात आहे: जमिनीखालचा व्हॉल्व्ह, किंवा एखाद्या यंत्राच्या पोटातला बोल्ट.

सरकत्या जबड्याचे पाने हा वेगळा विषय आहे, पण ढोबळ ओळख सांगतो. जबडे दांड्याशी काटकोनात आणि स्क्रू दांड्याच्या बाजूने जाणारा असेल तर तो १८४१ च्या लोरिंग कोजच्या पेटंटच्या घराण्यातला. दात असलेला, थोडा ढिला लटकणारा हुकासारखा जबडा म्हणजे डॅनियल स्टिलसनचा पाइप पाना, १८७० च्या आसपासचा शोध. तिरकं डोकं आणि अंगठ्याने फिरवायचा आटेदार रूळ, म्हणजे आज घरोघरी दिसतो तो, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने रूढ केला. शोध जुना म्हणून तुमच्या हातातला नगही तेवढा जुना, असं मात्र नाही. हे तिन्ही पुढे कित्येक दशकं बनत राहिले.

६. एका पान्यात पाच कामं असतील तर

एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला पेचकस, मध्ये खिळे उपटायची खाच, पाठीवर हातोडी: असा बहुउपयोगी पाना सगळ्यात जास्त चकवतो, कारण प्रत्येक भाग वेगळीच गोष्ट सुचवतो. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मोजा आणि झीज बघा. जो भाग जास्त झिजला तो रोजचा, बाकीचे अडीअडचणीचे. पेचकसाचं टोक कोरं आणि तोंड झिजलेलं असेल तर पेचकस सध्या विसरा.

तोंड इंग्रजी व्हीसारखं आणि आतून एका बाजूला करवतीसारखे दात असतील, काहीच सरकत नसेल, तर तो गोल पाइप, सळई किंवा कडा गेलेला नट पकडायचा पाना. याच्या दांड्यातली भोकं जरूर तपासा. मी ती खिळ्याला टांगायची भोकं समजत होतो. आत भिंग धरलं तर आटे दिसले: खराब झालेल्या बोल्टाचे आटे दुरुस्त करायला दांड्यातच डाय बसवलेले होते. शेतात, गावापासून दूर यंत्र अडलं तर उपयोगी पडावं अशी ही सोय.

७. आता अक्षरं आणि आकडे

नाव दिसलं की आपण कारखाना सापडला म्हणून खूश होतो. पण ते नाव यंत्र बनवणाऱ्याचं असेल, विकणाऱ्याचं असेल, किंवा खरोखर पाना घडवणाऱ्याचं. मोठे घडाई कारखाने दुसऱ्यांच्या नावानेही पाने बनवून देत. एकटंदुकटं अक्षर किंवा पंचाने पाडलेले ठिपके असतील तर ती बहुधा मालकाची खूण असते. एकाच दुकानात चार फिटर असले की प्रत्येकजण आपल्या पान्यावर खूण करतो.

चार आकडी संख्या म्हणजे साल, असं धरू नका. ओतीव पान्यावरचं '१९०७' हा बहुतेक वेळा सुट्या भागाचा क्रमांक असतो. तारीख पेटंटची असेल तर तिच्यासोबत 'पॅट' हा शब्द असतो. अमेरिकन पेटंटं मंगळवारी दिली जातात. वाचलेल्या तारखेचा वार काढा. मंगळवार आला नाही तर एखादा आकडा चुकीचा वाचलाय. पुसट ३ आणि ८ मध्ये निवड करायला मला याचा दोनदा उपयोग झाला. नुसता क्रमांक असेल तर अंदाज असा: अमेरिकेत दहा लाखावं पेटंट १९११ च्या ऑगस्टमध्ये दिलं गेलं, वीस लाखावं १९३५ च्या एप्रिलमध्ये. ब्रिटनमध्ये १९१६ पूर्वी दरवर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत, म्हणून साल माहीत नसेल तर त्या क्रमांकाचा उपयोग नाही. जर्मन पेटंटची 'डीआरपी' ही खूण १८७७ पासूनची, लहानसहान सुधारणांच्या नोंदणीची 'डीआरजीएम' १८९१ पासूनची. 'वेस्ट जर्मनी' लिहिलं असेल तर पाना १९४९ ते १९९० मधला. बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता, बहुतेक वेळा लष्कर.

पेटंटची तारीख ही पाना बनवल्याची तारीख नव्हे. पाना तिच्यानंतरचा, एवढंच त्यातून कळतं. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द किंवा चकचकीत क्रोमचा मुलामा असेल तर साधारण १९२०-३० च्या दशकांपासून पुढे या.

जुनी पेटंटं चित्रांसकट इंटरनेटवर फुकट बघता येतात. तिथे नावापेक्षा चित्र जुळवा. अमेरिकन अवजारांसाठी डेटँप नावाची पेटंटांची यादी आहे, तीत अवजाराच्या प्रकारानुसार शोधता येतं.

८. पडताळणी: नट शोधा

आतापर्यंत जे ठरवलं ते अजून अंदाजच आहे. त्या मापाचा नट मिळवा आणि पाना घालून बघा. हाताने हलवला तर अगदी थोडा खुळखुळावा, पण कोपऱ्यावरून सरकू नये. नट मिळाला नाही तर जाड पुठ्ठ्यातून तेवढ्या रुंदीचा षट्कोन किंवा चौकोन कापा. आकार कळण्यापुरतं ते पुरतं.

मग स्वतःला विचारा: हा नट एवढ्या लांब, किंवा एवढ्या पातळ, किंवा एवढ्या वाकड्या पान्यानेच का फिरवायचा? नटाभोवती अशी काय अडचण होती? मी तर पान्याभोवतीचं ते हरवलेलं यंत्र कागदावर रेखाटून बघतो. चित्र चांगलं येत नाही, पण उत्तर बऱ्याचदा येतं.

ओळख पटली तरी बिडाचा पाना कामाला लावू नका. जोर आला की तो न वाकता एकदम तुटतो. जबड्याला तडा आहे का हे बघायला रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची भुकटी टाका. तडा असेल तर भुकटीत ओलसर रेघ उमटते. वेल्डिंग करून लांबवलेला दांडा दिसला तर त्या पान्याची रवानगी भिंतीवर.

शेवटी प्रत्येक पान्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधा: तोंडाचं माप मिलिमीटरमध्ये, पद्धत, ठसा जसाच्या तसा, आणि उपयोगाचा अंदाज असेल तर त्यापुढे प्रश्नचिन्ह. माझ्या सातपैकी पाचांच्या चिठ्ठीवरचं प्रश्नचिन्ह आता गेलं आहे. सहाव्याचं तोंड चौकोनी आहे, कोन साडेबावीस अंशाचा आणि ठसा एकही नाही. सातवा म्हणजे तो ग्राइंडरवर घासलेला.